लहान गोठ्यासाठी वळू कोणता? सुलभ प्रसूतीच्या प्रश्नाचा आढावा

हिंगोली जिल्ह्यात दूध हा सहसा मुख्य धंदा नसतो. सोयाबीन, हळद, तूर, कापूस यांच्या जोडीला दावणीला दोन-चार जनावरे असतात. त्यात एखादी लाल कंधारी किंवा गावरान गाय, कुठे एक संकरित, कुठे म्हैस, आणि ज्याच्याकडे अजून बैलबारदाना आहे त्याची जोडी. अशा गोठ्यात गाय माजावर आली की जर्सीच्या रेताची कांडी भरायची, एचएफची, देवणीची, कंधारीची की गीरची, हे दावणीजवळ उभ्या उभ्या ठरते. ठरवताना दुधाचा विचार होतो, आणि अलीकडे कालवडच व्हावी याचाही होतो. होणारे वासरू त्या गायीला सुखाने विता येईल का, हा प्रश्न मात्र बहुधा नऊ महिन्यांनी, गाय अडल्यावर पुढे येतो.

मोठ्या फार्मवर शंभरांत पाच गायी अडल्या तर ती हिशेबात धरलेली तूट असते. तीन गायींच्या गोठ्यात एक अडली आणि वासरू गेले, तर वर्षाच्या दुभत्याचा तिसरा हिस्सा गेला. तीच गाय पुढे वारंवार उलटू लागली तर पुढचे वेतही गेले. सरासरीचा आधार लहान गोठ्याला मिळत नाही. म्हणूनच सुलभ विण्याचा प्रश्न मोठ्या फार्मपेक्षा इथे अधिक महत्त्वाचा आहे, आणि तरीही त्याची चर्चा इथेच सर्वांत कमी होते. ती आज कुठवर आली आहे, कोणत्या बाजू मांडल्या जातात आणि काय अजून ठरायचे आहे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

गावचा वळू ते नायट्रोजनची टाकी

कृत्रिम रेतन खेड्यात पोचण्याआधी निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. गावात एखादा सोडलेला पोळ असे, नाहीतर एखाद्या मोठ्या शेतकऱ्याकडे चांगला वळू असे, आणि पंचक्रोशीतल्या गायी त्यालाच दाखवल्या जात. नांदेडच्या कंधार-मुखेड-लोहा भागातली लाल कंधारी आणि लातूरच्या उदगीर-देवणी भागातली देवणी या दोन जाती अशाच निवडीतून घडल्या. निवड प्रामुख्याने बैलासाठी होती, पण तिच्यात एक गोष्ट आपोआप साधत असे. वळू गावातच असल्यामुळे त्याची वासरे कशी निपजतात, त्याच्यापासून गाभण राहिलेल्या गायी कशा वितात, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. ज्याच्या वासरांनी गायी अडवल्या त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोणी गाय नेत नसे.

स्वातंत्र्यानंतर सुधारणेची दिशा बदलली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना आली, १९६४-६५मध्ये सघन पशुविकास कार्यक्रम आला. १९६७मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला ‘बायफ’ची स्थापना केली, आणि गोठित रेतातून होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) व जर्सीचा संकर शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचे काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. १९७२मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ उभे राहिले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचाच भाग होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ला झाला. या विद्यापीठाच्या संकरित गोपैदास प्रकल्पात होल्स्टिन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ तयार झाली. तिकडे राहुरीच्या विद्यापीठात होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांची ‘फुले त्रिवेणी’ झाली. २०१४च्या राष्ट्रीय गोकुळ मिशनने देशी जातींना पुन्हा पुढे आणले, आणि २०१९पासून राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रमात कानात बिल्ला मारून घरपोच रेतन सुरू झाले.

या वाटचालीत दूध वाढले, रोग आटोक्यात ठेवता आले, लांबचा उत्तम वळू लहान शेतकऱ्यालाही मिळू लागला. पण वळू गावातून गेला तशी त्याच्या वासरांची ओळखही गेली. तिच्या जागी जातीचे नाव आले. ‘जर्सीचे वासरू लहान, एचएफचे मोठे’ एवढ्याच ज्ञानावर आज बहुतेक निवड होते. हे ज्ञान चुकीचे नाही. ते अपुरे आहे, आणि पुढची सगळी चर्चा या अपुरेपणाभोवती फिरते.

गाय का अडते

गाय अडण्याची सगळी कारणे वळूशी जोडता येत नाहीत. वासराचा पाय मागे दुमडलेला असणे, मान वळलेली असणे, गर्भाशयाला पीळ पडणे, गर्भाशयाचे मुख पुरते न उघडणे, कॅल्शियम कमी पडून कळा थंडावणे, वासरू आतच मेलेले असणे, यांचा वळूच्या जातीशी थेट संबंध नसतो. म्हशीत गर्भाशयाचा पीळ हे मोठे कारण असते, त्यामुळे ‘लहान पारडू देणारा रेडा निवडला की म्हैस अडणार नाही’ हे गणित तिथे बरेच कोलमडते.

वळूचा हात जिथे दिसतो ते कारण म्हणजे वासराचा आकार आणि गायीच्या कटीची वाट यांचा मेळ न बसणे. पहिलारू गायीत अडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. गोऱ्हा असेल तर त्याचे वजन कालवडीपेक्षा सहसा दीड-दोन किलोने जास्त असते, कधी त्याहूनही जास्त. गाभणकाळ लांबला तरी वजन वाढते, कारण गर्भाच्या वजनाचा मोठा हिस्सा शेवटच्या तीन महिन्यांतच भरतो. जर्सी आणि होल्स्टिनचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा, तर आपल्या वशिंडाच्या गायींचा २८५ ते २९० दिवसांचा असतो.

आता वजने पाहू. लाल कंधारीचे वासरू जन्मतः २० किलोच्या आसपास भरते, देवणीचे त्याहून थोडे अधिक. शुद्ध जर्सीचे सुमारे २५ किलो आणि शुद्ध होल्स्टिनचे ४० किलोपर्यंत. नुसते हे आकडे पाहिले तर होल्स्टिनची भीती वाटेल. पण ६२० किलोच्या होल्स्टिन गायीला ४० किलोचे वासरू म्हणजे तिच्या वजनाच्या साडेसहा टक्के, आणि ३०० किलोच्या कंधारीला २० किलोचे वासरू म्हणजेही साधारण तेवढेच. घोळ होतो तो वळू एका मापाचा आणि गाय दुसऱ्या मापाची असली की. अर्धपोटी वाढलेल्या, २२० किलोच्या कालवडीच्या पोटात २८ किलोचे संकरित वासरू वाढले तर ते प्रमाण जवळजवळ १३ टक्क्यांवर जाते. अडण्याची शक्यता वाढते ती इथे.

कोण काय म्हणते

पशुवैद्यकीय विस्तारात सर्वांत रुळलेला सल्ला जर्सीचा आहे. गाय लहान असेल, पहिले वेत असेल, चारा बेताचा असेल तर जर्सी. वासरू आटोपशीर, संकरित गाय मध्यम बांध्याची, खाणे कमी, ऊन एचएफपेक्षा बरे सोसते, आणि दुधाला फॅट चांगली लागते. फॅट-एसएनएफवर भाव मिळणाऱ्या ठिकाणी ही फॅट उपयोगी पडते. जगातही या सल्ल्याला जोड आहे. न्यूझीलंडमध्ये होल्स्टिनच्या कालवडींवरही पहिल्या वेताला जर्सी वळू सोडण्याची जुनी पद्धत आहे, केवळ त्या सुखाने वितात म्हणून. या सल्ल्याची लंगडी बाजू म्हणजे गोऱ्हा. जर्सीच्या संकरित गोऱ्ह्याला औताला कोणी घेत नाही. मार्च २०१५पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार बैल-वळूंपर्यंत झाल्यावर त्याची विक्रीही अवघड झाली. सुखाने जन्मलेला हा गोऱ्हा पोसायचा कसा, याचे उत्तर जर्सीच्या सल्ल्यात मिळत नाही.

दुसरी बाजू एचएफची, आणि ती केवळ हावेची बाजू आहे असे समजणे अन्यायाचे होईल. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांखाली वसमतकडे पाणी आहे, हिरवा चारा आहे. तिथे दुधाचा हिशेब एचएफच्याच बाजूने लागतो. या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, भरलेल्या गायीला एचएफ भरले तर ती सहसा अडत नाही, आणि पुढे मिळणारी कालवड जर्सीपेक्षा जास्त दूध देते. परभणीचा होलदेवचा अनुभव त्यांच्या बाजूने उभा करता येतो, कारण तिथे देवणी गायींनी होल्स्टिनची वासरे घातली. मात्र देवणी ही कंधारीपेक्षा थोराड, आणि प्रक्षेत्रावर खाऊनपिऊन असलेली. सेनगाव-औंढ्याच्या माळावर चरणाऱ्या बारीक कंधारी कालवडीला तोच निष्कर्ष लावणे धोक्याचे आहे. म्हणून एकाच जिल्ह्यात या प्रश्नाची दोन उत्तरे असणे स्वाभाविक आहे असे मला वाटते.

तिसरी बाजू म्हणते, आपली गाय आपल्याच वळूला दाखवा. कंधारीला कंधारी, देवणीला देवणी. सुलभ विण्याच्या निकषावर ही बाजू सर्वांत भक्कम आहे. या गायींची कटी आणि वासराचे माप शेकडो वर्षे एकमेकांना सांभाळत आले आहे, आणि उतरत्या पुठ्ठ्याच्या या गायी माळावरही कोणाच्या मदतीशिवाय वितात. गोऱ्ह्याला मोल आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणीची जोडी काय भावाने जाते ते पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. जातही टिकते. अडचण दुधाची. लाल कंधारीचे एका वेताचे सरासरी दूध ६०० किलोच्या आसपास, देवणीचे त्याहून बरे. चांगली संकरित गाय याच्या तीन-चार पट देते. घरच्या दुधासाठी आणि बैलासाठी गाय ठेवणाऱ्याला ही निवड परवडते, दुधावर हप्ता फेडणाऱ्याला नाही.

अलीकडे चौथी बाजू गीर-साहिवालची आली आहे. देशी दुधाला भाव मिळेल, गाय देशीच राहील आणि दूधही वाढेल, अशी तिच्यामागची आशा. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केल्यानंतर तिला आणखी बळ मिळाले. जातीच्या शुद्धतेची काळजी करणाऱ्यांचा या बाजूवर आक्षेप आहे. कंधारीच्या घरच्या पट्ट्यात गीरची कांडी भरत गेलो तर दोन-तीन पिढ्यांत कंधारीच उरणार नाही, असे ते म्हणतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. विण्याच्या दृष्टीने या निवडीत दुसरा एक मुद्दा आहे. तो गायीच्या बाजूकडून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून पुढे घेतो.

आणि अजूनही पुष्कळ गायी गावच्या वळूलाच लागतात. कांडी दोनदा वाया गेली, माज ओळखायला उशीर झाला, डॉक्टर वेळेत आले नाहीत, अशी त्याची कारणे असतात. गावरान वळूचे वासरू लहान असते हे खरे. पण तोच वळू तीन वर्षे गावात राहिला तर त्याच्याच कालवडी त्याला लागतात, आणि ब्रुसेल्लासारखा रोग शिरला तर गाभडण्याची साथ सगळ्या गावाच्या गायींत फिरते. विण्याची सोय एवढ्या किमतीला घेऊ नये, यावर पशुवैद्यांत मतभेद नाहीत.

गायीचे म्हणणे

वळू कितीही मोठा असला तरी गाय गर्भाला आपल्या मापात ठेवू पाहते, हे विज्ञानाने फार पूर्वी दाखवले. १९३८मध्ये केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर या प्रचंड घोड्यांचा आणि शेटलंड या बुटक्या तट्टांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त दोन्हीकडे अर्धे-अर्धे. तरी शायर घोडीच्या पोटची शिंगरे मोठी निपजली आणि शेटलंड घोडीच्या पोटची लहान, जवळपास आईच्या मापाची. बापाची बीजे पूर्ण उमलू द्यायची की नाही, यात आईच्या गर्भाशयाचा मोठा वाटा असतो.

बारीक देशी गायीला परदेशी वळूची कांडी भरल्यावर बहुतेक वेळा ती निभावते, यामागचे एक कारण हे असावे. जन्मतः ४० किलोचा बाप आणि २० किलोची आई यांची सरासरी ३० होते, पण प्रत्यक्ष वासरू सहसा त्याच्या बरेच खाली राहते.

उलट दिशेचा अनुभव अमेरिकेतला आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून तिकडे ‘ब्राह्मण’ ही जात घडली. ब्राह्मण वळू हर्फोर्ड किंवा अँगस गायींवर सोडले तेव्हा वासरे अपेक्षेपेक्षा जड निपजली, गोऱ्हे तर विशेष जड, आणि गायी अडू लागल्या. तोच संकर उलटा केला, म्हणजे ब्राह्मण गायीला हर्फोर्ड वळू, तर वासरे हलकी आणि विणे सोपे. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की काही जनुके आईकडून आली तर गर्भात एका प्रकारे चालतात आणि बापाकडून आली तर दुसऱ्या प्रकारे. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, पण निरीक्षण पक्के आहे.

आता गीरकडे परत येऊ. कंधारीवर गीर हा देशीवर देशी संकर आहे, तिथे हा धोका नाही. फक्त गीर थोराड, म्हणून अगदी बारीक पहिलारू गायीला जपावे. पण तीन-चतुर्थांश होल्स्टिन झालेल्या गायीचे रक्त पुन्हा देशीकडे वळवायचे म्हणून गीर भरली, तर आपण नेमके त्या जड वासराच्या दिशेने जातो, शिवाय गाभणकाळही काही दिवसांनी लांबतो. मोठ्या हाडाची, चार वेतांची गाय हे सहज पेलेल. संकरित कालवडीवर पहिल्याच वेताला ते करू नये, असे मी म्हणेन. गीर देशी आहे म्हणून वासरू लहानच होईल, ही समजूत मात्र टाकून द्यावी.

कांडीवर काय छापलेले असते

नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवलेली ही कांडी पाव मिलिलिटरची. तंत्रज्ञ ती चिमट्याने उचलतो, ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवतो, पुसतो आणि गनमध्ये घालतो. त्या बारीक नळीवर वळूचा क्रमांक, जात, रेत गोळा केल्याची तारीख आणि रेत केंद्राची खूण छापलेली असते. क्रमांकावरून वळूच्या आईचे दूध किंवा वळूचे दुधासाठीचे मूल्यांकन शोधता येते. त्याची वासरे जन्मतः किती किलोंची होती आणि पहिलारू गायींपैकी किती अडल्या, हे मात्र दावणीजवळ उभ्या शेतकऱ्याच्या हाती येत नाही.

परदेशात या माहितीवरच निवड होते. अमेरिकेत होल्स्टिन वळूच्या यादीत त्याच्यापासून पहिलारू गायी अडण्याचे अपेक्षित प्रमाण दिलेले असते. आयर्लंडमध्ये मांसाच्या जातीचा वळू दुभत्या गायीवर वापरताना प्रसूतीचा त्रास किती टक्के होईल हे पाहूनच शेतकरी नाव ठरवतो. या याद्यांतून स्पष्ट दिसते की एकाच जातीतले दोन वळू यात एकमेकांपासून फार दूर असू शकतात. सुखाने विणारा होल्स्टिन वळू असतो आणि गायी अडवणारा जर्सीही असू शकतो. जन्मवजन बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, साधारण चाळीस टक्के; पण विण्याची सुलभता त्या मानाने फार कमी, दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका वळूबद्दल खात्रीने बोलायला शेकडो वासरांच्या नोंदी लागतात, आणि विण्याची नोंद होत नसेल तर हे सगळे अडून राहते.

आपल्याकडे देशी वळूची परीक्षा प्रदर्शनात होते. रंग गडद आहे का, शिंगे, वशिंड, कानाची ठेवण, पुठ्ठा, चाल. जात ओळखायला हे लागतेच. पण ज्या वळूला फेटा बांधला जातो त्याच्या वासरांची वजने कोणी विचारत नाही. वळू पाळणाऱ्यांनी आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी जन्मवजनाचे एक पान जोडले तर खर्च फक्त ताणकाट्याचा आहे.

वळूच्या आधी कालवड

जाती कोणत्याही धरा, अनुभवी पशुवैद्यांचा एक मुद्दा सगळ्यांत समान आहे. पहिल्या वेताचे निम्मे काम कांडी भरण्यापूर्वीच झालेले असते. कालवड पूर्ण वाढीच्या गायीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के झाल्याशिवाय भरवू नये, आणि विताना ती ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत पोचलेली असावी. कंधारी गाय ३३० किलोची होणार असेल तर भरवताना कालवड २०० ते २१५ किलोची हवी. वजनकाटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ६६०ने भागायचे. घेर ५६ इंच आणि लांबी ४६ इंच असलेली कालवड साधारण २१९ किलोची भरते, म्हणजे कंधारी असेल तर तिला भरवायला हरकत नाही. तेवढ्याच वजनाची, पण मोठ्या हाडाची संकरित कालवड अजून थांबायला हवी. पहिला माज आला म्हणून लगेच भरवण्याची घाई हीच पुढच्या अडचणीची सुरुवात असते.

खुराकाबद्दल दोन टोके आहेत. गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत कमी खाऊ घातले की वासरू लहान होते आणि गाय सुखाने विते, अशी समजूत अनेक गावांत आहे. मांसाच्या गायींवर इतर देशांत हे तपासले गेले. वासराचे वजन थोडे कमी होते, पण अडण्याचे प्रमाण तसे घटत नाही. उलट गाय कळा द्यायला कमी पडते, चीक कमी येतो, वासरू अशक्त होते आणि गाय माजावर उशिरा येते. दुसऱ्या टोकाला पेंडीवर चढवलेली, गोठ्यातून न हललेली गाय. तिच्या कटीत चरबी साठते आणि वाट अरुंद होते. मध्यम अंगाची आणि रोज थोडी चालणारी गाय सर्वांत बरी विते, याला आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

तिसरी गोष्ट हात. पाणमोट फुटली, दोन खुर दिसू लागले, की चार माणसे दोर लावून ओढायला सरसावतात. तळवे खाली आणि त्यांच्यावर नाक दिसत असेल तर वासरू सरळ आहे. गायीला वेळ द्यायचा. कळ येईल तेव्हाच ओढायचे, दोन्ही पाय एकदम न ओढता एकेक पुढे घ्यायचा, म्हणजे खांदे तिरके होऊन वाटेत मावतात, आणि डोके-खांदे बाहेर आल्यावर ओढ खाली, गायीच्या खुरांकडे वळवायची. तळवे वर दिसले, एकच पाय दिसला किंवा पाणमोट फुटून तासभर झाला तरी काहीच पुढे सरकले नाही, तर दोराला हात न लावता पशुवैद्याला बोलवायचे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. कित्येक गायी मोठ्या वासराने अडत नाहीत, चुकीच्या ओढण्याने अडतात, मायांग बाहेर येते, आणि दोष मात्र कांडीवर जातो. यामुळेही वळूबद्दलची आपली माहिती गढूळ होते.

जे अजून ठरायचे आहे

पहिला प्रश्न लिंगनिर्धारित रेताचा. या कांडीने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. कालवड हलकी, म्हणून अडण्याचा धोका कमी. शिवाय गोऱ्ह्याचा प्रश्नही बराच सुटतो. या रेताने गर्भ राहण्याचे प्रमाण थोडे कमी असते, म्हणून ते तरुण, निरोगी कालवडींत वापरा असा सल्ला दिला जातो. म्हणजे ज्यांना सुलभ विण्याची सर्वांत गरज आहे त्यांच्यातच. पण अशा कांड्यांत एचएफचा भरणा मोठा असेल, तर कालवडीच्या लहान वजनाने मिळवलेले एचएफच्या मोठ्या मापात जाण्याची शक्यता आहे. बारीक पहिलारू गायीसाठी लिंगनिर्धारित एचएफ बरी की साधी जर्सी, याची आपल्या भागातल्या गायींवर सरळ तुलना होणे गरजेचे आहे.

दुसरा प्रश्न रक्ताच्या प्रमाणाचा. परदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवावे, हा सल्ला जुना आहे आणि उष्ण प्रदेशातल्या संकरांचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. पहिल्या पिढीचे तेज पुढे टिकत नाही. पण अर्ध्या रक्ताच्या गायीला पुढे काय भरायचे, यावर एकमत नाही. पुन्हा एचएफ भरली तर दूध वाढते आणि वासरू मोठे होत जाते. देशी भरली तर दूध घटते. संकरित वळूचे रेत हा मधला मार्ग आहे. होलदेव आणि फुले त्रिवेणी त्या मार्गावर केलेली कामे आहेत. हिंगोलीच्या गोठ्यात तो मार्ग अजून फारसा पोचलेला नाही.

तिसरा, नोंदीचा. ५ ऑक्टोबर २०२४ला आपल्या शेजारच्या वाशीमला गायींसाठीच्या ‘गौ चिप’चे आणि देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित रेत तंत्रज्ञानाचे लोकार्पण झाले. चिपमुळे वासराच्या जनुकांवरून ते पुढे वळू म्हणून कसे निघेल याचा अंदाज लहानपणीच बांधता येईल. पण तो अंदाज ज्या गुणाच्या नोंदी आहेत त्याच गुणाचा बांधता येतो. दुधाच्या नोंदी होत आहेत. जन्मवजनाच्या आणि विण्याच्या नोंदी गावपातळीवर, कंधारी-देवणीसारख्या जातींत, पुरेशा संख्येने कशा होतील, त्या कोण घेईल, रेतन करणारा तंत्रज्ञ की वासराला बिल्ला मारणारा, आणि शेतकऱ्याने फोनवर सांगितलेले ‘सुखाने विली’ पुरेसे धरायचे का, हे ठरायचे आहे. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रापासून परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत हे काम करू शकणारी माणसे याच परिसरात आहेत.

तोवर लहान गोठ्यापुरता माझा कौल असा. कालवड मोजून भरवावी. पहिल्या वेताला घरच्या जातीचा किंवा जर्सीचा वळू घ्यावा. एचएफ हवीच असेल तर दुसऱ्या वेतापासून, आणि चारा-पाणी असलेल्या गोठ्यात. वळूचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे त्याचीच लेक पुन्हा त्यालाच भरली जाणार नाही. वासरू जन्मले की त्याचे वजन आणि गाय कशी विली, हे त्या क्रमांकापुढे लिहावे.